जुन्या प्रोजेक्शन टीव्हीची दुरुस्ती: दुसऱ्या टीव्हीतून भाग काढून तो कसा जिवंत करायचा

प्रोजेक्शन टीव्ही बनवणं आता बंद झालंय. शेवटपर्यंत टिकून राहिलेल्या मित्सुबिशीनेही २०१२ च्या डिसेंबरात हात वर केले. त्यामुळे तुमचा टीव्ही बिघडला, तर तो दुरुस्त करायचा खात्रीचा मार्ग एकच उरतो: दुसरा बंद पडलेला टीव्ही मिळवायचा आणि त्यातला भाग काढून आपल्यात बसवायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण नवखे लोक इथेच फसतात. मॉडेल जुळलं की टीव्ही उचलून आणतात आणि घरी एकाच रोगाने मेलेले दोन टीव्ही शेजारी शेजारी उभे राहतात. म्हणून भाग देणारा टीव्ही कशाने मेला, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. ते कसं ओळखायचं ते पाचव्या पायरीत सांगतो. तोवर धीर धरा, काही आणू नका.

१. तुमच्या टीव्हीच्या पोटात काय आहे ते ओळखा

प्रोजेक्शन टीव्ही म्हणजे आत छोटं चित्र, मध्ये भिंग आणि आरसा, पुढे मोठा पडदा. छोटं चित्र कशावर तयार होतं त्यावरून प्रकार ठरतो.

ट्यूबचा प्रकार: खाली कपाटाएवढं खोकं आणि आत लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या तीन पिक्चर ट्यूब, बहुधा सात इंची. टीव्ही एकट्याने हलत नसेल तर तो याच प्रकारचा समजा.

डीएलपी: एकच भिंग, एक प्रखर दिवा आणि त्यासमोर गरगर फिरणारं रंगीत काचेचं चक्र. चित्र तयार करते ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप. तिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे असतात आणि एकेक आरसा वेगळा हलतो.

एलसीडी किंवा एलकॉस: इथेही दिवा आहे, पण चक्र नाही. प्रकाश तीन रंगांत फोडून तीन छोट्या पॅनेलवर टाकतात आणि प्रिझममध्ये पुन्हा एकत्र करतात.

चालू केल्यावर चित्र यायला अर्धा-एक मिनिट लागत असेल आणि मागे दिव्याचं झाकण असेल, तर वरच्या शेवटच्या दोन प्रकारांपैकी एक. मागच्या चिकटपट्टीवर पूर्ण मॉडेल क्रमांक असतो, तो शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या. कित्येकदा फक्त शेवटचं अक्षर वेगळं असतं आणि आतला बोर्ड पूर्ण वेगळा निघतो.

२. हाताशी काय लागेल

- त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. हे मिळाल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका. सर्किट, भागांचे क्रमांक आणि सर्व्हिस मेनूत (कारागिरांसाठीच्या लपलेल्या मेनूत) जायची बटणं त्यात असतात.
- डायोड आणि कंटिन्युइटी मोड असलेला मल्टिमीटर
- तापमान कमी-जास्त करता येणारं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी, सोल्डर ओढायचा पंप
- लांब दांड्याचे स्क्रूड्रायव्हर. काही स्क्रू खोल विहिरीत असल्यासारखे बसवलेले असतात.
- सिरीज बोर्ड, म्हणजे बल्ब सिरीजमध्ये जोडलेला प्लग पॉइंट
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, हीट सिंकची पेस्ट, मऊ ब्रश, हाताने दाबायचा हवेचा फुगा
- स्क्रूसाठी छोट्या डब्या, कागदी चिकटपट्टी, पेन
- मोबाइलचा कॅमेरा. खरं सांगायचं तर सगळ्यात उपयोगी हत्यार हेच.

३. जिवाशी खेळ नको

ट्यूबच्या टीव्हीत प्रत्येक ट्यूबला ३० हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. टीव्ही बंद करून प्लग काढला तरी ट्यूब हा चार्ज धरून बसते. त्यामुळे प्लग काढा, थांबा आणि तरीही ट्यूब भरलेली आहे असं समजूनच वागा. चांगलं इन्सुलेशन असलेल्या स्क्रूड्रायव्हरला वायर बांधा. वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या काळ्या लेपाला टेकलेल्या उघड्या विणलेल्या तारेला जोडा आणि मगच रबरी टोपीखाली टोक सरकवा. एक हात पाठीमागे ठेवा. तिन्ही ट्यूबवर हे करा आणि थोड्या वेळाने पुन्हा करा, कारण काच उरलेला चार्ज हळूहळू परत वर काढते.

पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर वेगळा. त्याला होल्डरमधल्या बल्बच्या दोन तारा टेकवून रिकामा करा आणि मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून शॉर्ट करणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील, त्यांचा कित्ता गिरवू नका.

दिव्याच्या टीव्हीत धोका दुसरा आहे. दिव्याच्या काचेत पारा असतो आणि चालू असताना आतला दाब वातावरणाच्या जवळजवळ २०० पट होतो. गरम दिव्याला हात लावू नका. दिवा फुटलाच तर खिडक्या उघडा, खोलीबाहेर जा आणि काचा उचलताना हातमोजे घाला.

हे वाचूनच पोटात गोळा आला असेल, तर ट्यूबचा टीव्ही जाणकाराला सोबत घेऊनच उघडा. त्यात कमीपणा नाही.

४. बिघाड नक्की करा, मग भाग शोधा

लाल किंवा निळ्या रेघा वाकड्या होऊन धनुष्यासारख्या ताणल्या आहेत आणि हिरव्या ठीक आहेत: कन्व्हर्जन्सचे, म्हणजे तीन ट्यूबची चित्रं एकमेकांवर बसवणारे, आयसी.

चित्रात एक रंगच नाही: त्या ट्यूबच्या मानेवरचा छोटा बोर्ड. दोन रंगांचे बोर्ड अदलाबदल करून पाहता आले, तर बिघाड बोर्डाबरोबर सरकतो की ट्यूबपाशीच राहतो ते लगेच कळतं. मात्र काही टीव्हींत हे तीन बोर्ड एकसारखे नसतात, म्हणून आधी मॅन्युअल पाहा.

एक रंग धुकट, दिव्याभोवती वलय असल्यासारखा: ट्यूब आणि भिंग यांच्यामध्ये भरलेला द्रव गढूळ झालाय, त्याबद्दल नवव्या पायरीत.

जेट विमानासारखी शिट्टी, मग टीव्ही आपोआप बंद: डीएलपीतल्या चक्राचं बेअरिंग.

पडद्यावर पांढरे किंवा काळे ठिपके, आठवड्यागणिक वाढणारे: डीएलपीची चिप. तिचे आरसे एका जागी अडकत चाललेत.

एलसीडीत पिवळा, जांभळा किंवा निळा डाग पसरतोय: आतले ध्रुवण पडदे (प्रकाश एकाच दिशेने कंप पावेल असा गाळणाऱ्या पातळ फिल्म) उष्णतेने आणि अतिनील किरणांनी करपलेत. निळ्या बाजूचे सहसा आधी जातात.

टिक-टिक आवाज येतो, दिवा लागत नाही: दिवा संपलाय, नाहीतर त्याला पेटवणारा बॅलास्ट. पण त्याआधी दिव्याच्या झाकणाचा सुरक्षा स्विच दाबला जातोय का ते बघा. झाकण एका बाजूने नीट बसलं नाही म्हणून बॅलास्ट बदलणारे लोक आहेत.

चालूच होत नाही, किंवा पुढचा छोटा दिवा सारखा उघडझाप करतो: पॉवर सप्लायचे कंडेन्सर बघा. डोकं फुगलेलं दिसलं, तर तो बदलायचा. हे मात्र नवेच घ्या. दुसऱ्या टीव्हीतला कंडेन्सर तुमच्याइतकाच म्हातारा असतो, तो काढण्यात काही अर्थ नाही. नवा घेताना १०५ अंश सेल्सिअसचा घ्या, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि ध्रुव उलटे लावू नका.

५. भाग देणारा टीव्ही कसा निवडायचा

सगळ्यात उत्तम म्हणजे पडदा फुटलेला टीव्ही. सामान हलवताना कुणीतरी खुर्चीचा पाय घातला, पडद्याला भोक पडलं आणि टीव्ही फेकायला निघाला. त्या क्षणापर्यंत आतलं सगळं चालू होतं. असा टीव्ही दिसला की फार विचार करू नका.

दुसरा चांगला प्रकार तुमच्यापेक्षा वेगळ्या रोगाने गेलेल्यांचा. तुमच्यात कन्व्हर्जन्स गेलंय आणि त्यांच्यात ट्यूब फिकट झाल्यात, तर जोडी जमली. विकणाऱ्याला "चालू आहे का?" विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी "शेवटी पडद्यावर काय दिसत होतं?" असं विचारा. "रंग फाटले होते", "आवाज यायचा पण चित्र नव्हतं", "ठिपके आले होते" असं काहीतरी माणूस सांगतोच आणि त्यावरून तुम्हाला चौथी पायरी उलटी वाचता येते.

"एके दिवशी अचानक बंद पडला" म्हणतात तो टीव्ही पॉवर सप्लायसाठी नको. तोच गेलेला असण्याची शक्यता मोठी. बाकी भागांसाठी चालेल.

चालू अवस्थेतला मिळाला तर पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून बघा. पांढऱ्यावर डाग आणि काळे ठिपके दिसतात, काळ्यावर पांढरे ठिपके. बंद असलेल्या ट्यूबच्या टीव्हीत भिंगातून टॉर्च मारून ट्यूबचा चेहरा पाहा. वर्षानुवर्षं एकच वाहिनी लावलेली असेल तर तिचं चिन्ह किंवा खालची पट्टी फॉस्फरवर (ट्यूबच्या आतल्या चमकणाऱ्या लेपावर) करड्या सावलीसारखी उमटलेली दिसते. तसली ट्यूब घेऊ नका, तो डाग तुमच्या पडद्यावर येणार.

काही भाग मात्र कुठूनही आले तरी जपून घ्यावेत. डीएलपीची चिप आणि एलसीडीचा प्रकाशाचा ठोकळा (प्रिझम आणि तीन पॅनेलं मिळून) हे उष्णतेने मरतात, म्हणजे तेवढेच तास चाललेल्या दुसऱ्या टीव्हीत तेही त्याच वाटेवर असतात. चित्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हे दोन घेऊ नका. दिव्याचंही तसंच. मेनूत दिव्याचे तास दिसत असतील तर बघा, पण आधीच्या मालकाने दिवा न बदलता मोजणी शून्यावर आणलेली असू शकते.

पंखे, भिंग, आरसा, स्पीकर, पडद्याचे दोन थर, रिमोटचा डोळा हे बिनधास्त घ्या.

६. काढताना

प्रत्येक प्लग उपसण्याआधी फोटो. प्रत्येक वायरीवर कागदी पट्टी आणि त्यावर तोच क्रमांक जो बोर्डावर छापलाय. स्क्रू पायरीनुसार वेगळ्या डबीत.

बोर्ड बदलायचा असेल तर त्यावरचा आठ पायांचा छोटा मेमरी आयसी शोधा. त्यावर बहुधा २४सी ने सुरू होणारा क्रमांक असतो. तुमच्या टीव्हीच्या भूमितीची आणि रंगांची सगळी जुळवणी त्यात साठवलेली असते. दुसऱ्याचा बोर्ड तसाच लावलात तर त्याच्या ट्यूबसाठी केलेली जुळवणी तुमच्या ट्यूबवर येते आणि चित्र विस्कटतं. म्हणून जुन्या बोर्डावरून तो आयसी काढा आणि आलेल्या बोर्डावर लावा. खाचेची दिशा बघून.

ट्यूबवरचं भिंग काढताना जास्तच सावध राहा. भिंगाचे स्क्रू आणि द्रवाची खोली बंद ठेवणारे स्क्रू जवळजवळ असतात. चुकीचे सैल केले की द्रव खालच्या बोर्डांवर सांडतो. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा. ट्यूबच्या मानेवरच्या कड्या आणि कॉइल सैल करू नका, ती जुळवणी पुन्हा मिळवताना नाकी नऊ येतात.

७. कन्व्हर्जन्सची दुरुस्ती

ट्यूबच्या टीव्हीचा सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात समाधान देणारा बिघाड हाच, म्हणून जरा सविस्तर.

तीन ट्यूबचं चित्र पडद्यावर एकमेकांवर तंतोतंत बसवायला प्रत्येक ट्यूबच्या कॉइलला सुधारणेचा करंट द्यावा लागतो. आडवा आणि उभा मिळून करंटच्या सहा वाटा, म्हणजे वाहिन्या, होतात. पुष्कळ टीव्हींत हे काम सॅन्योचे दोन लांबट आयसी करतात, प्रत्येकी तीन वाहिन्या. त्यांचे क्रमांक एसटीके३९२ ने सुरू होतात आणि पुढे ०४०, ११०, १२०, १८० असा आकडा असतो. हे आयसी कायम तापतात. वर्षांनी त्यांच्यावरची पेस्ट वाळून खडूसारखी होते, उष्णता बाहेर जात नाही आणि एखादी वाहिनी आतून शॉर्ट होते. ती जाताना बाजूचे कमी ओहमचे रेझिस्टर आणि पातळ फ्यूजही घेऊन जाते. फक्त आयसी बदलून टीव्ही चालू करणाऱ्यांचा नवा आयसी बहुतेक वेळा याच कारणाने पहिल्याच झटक्यात जातो.

क्रम असा ठेवा.

आधी फ्यूज आणि रेझिस्टर. आयसीभोवती एकआकडी ओहमचे बरेच रेझिस्टर दिसतील. बोर्डावर असताना मोजमाप फसवं येतं, म्हणून शंका असलेल्याचा एक पाय सोडवून मोजा. लिहिलेल्यापेक्षा जास्त दाखवणारा बदला, मग तो दिसायला कितीही स्वच्छ असो. वॉटेज तेवढंच ठेवा.

मग आयसी. सोल्डर पंपाने आणि पट्टीने पूर्ण साफ करा, पाय आपोआप सुटले पाहिजेत. ओढाताण केलीत तर बोर्डावरची तांब्याची चकती उखडून येते आणि मग वायरींचे उड्डाणपूल बांधत बसावं लागतं.

दुसऱ्या टीव्हीतून आलेले दोन आयसी डायोड मोडवर पायामागून पाय मोजा आणि आकडे शेजारी लिहा. दोन्ही एकाच क्रमांकाचे आणि चांगले असतील, तर आकडे जुळतात. एका पायावर एकाचा शून्य आणि दुसऱ्याचा काहीतरी आला, तर शून्यवाला फेका. बाजारात याच क्रमांकांच्या स्वस्त नकला भरपूर आहेत. माझा अनुभव असा की चालू टीव्हीतून काढलेला जुना अस्सल आयसी नव्या नकलीपेक्षा जास्त टिकतो. शेवटचा आकडा वेगळा असलेला आयसी मॅन्युअल परवानगी देत नसेल तर लावू नका.

जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून काढा, नवी पातळ लावा, पोळीवर तूप लावतात तशी. आणि हे लक्षात ठेवा: आधी आयसी हीट सिंकला स्क्रूने घट्ट करा, मग पाय सोल्डर करा. उलट केलंत तर स्क्रू आवळताना पायांवर ताण येतो आणि काही महिन्यांत सोल्डरला भेग जाते. दोन्ही आयसी एकदमच बदला, दुसरा फार मागे राहत नाही.

शेवटी त्या बोर्डाच्या कनेक्टरच्या पिनांभोवती बारीक गोल भेग दिसते का ते भिंगाने पाहा. ड्राय सोल्डर सापडलं तर पुन्हा तापवून ताजं सोल्डर द्या.

८. दिव्याचे टीव्ही

दिवा बदलताना काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल गरम काचेवर जळतं आणि तिथेच काच कमजोर होते. चुकून लागलंच तर अल्कोहोलने पुसा. बसवल्यावर मेनूतून तास शून्य करा.

डीएलपीचं चक्र मोटरसकट एकच भाग म्हणून बदला. ते मिनिटाला काही हजार फेरे मारतं, त्यामुळे काचेच्या कडेला पकडू नका, मोटरच्या बाजूने धरा. रंगांच्या खणांची संख्या आणि क्रम तोच हवा. चक्रावर एक काळी खूण असते, ती वाचणारा सेन्सर धुळीने आंधळा झाला तरी टीव्ही चालू होऊन लगेच बंद होतो. म्हणून चक्र मागवण्याआधी सेन्सर ब्रशने साफ करून पाहा. नवं चक्र बसवल्यावर रंग किंचित चुकीचे वाटले, तर सर्व्हिस मेनूत चक्राच्या खुणेची वेळ जुळवावी लागते.

एलसीडीचा प्रिझम आणि त्याला चिकटवलेली तीन पॅनेलं सुटी करू नका. ती एका ठिपक्याच्या अचूकतेने बसवलेली असतात. अख्खा ठोकळा बदला.

९. द्रव

ट्यूब आणि भिंग यांच्यामध्ये ग्लायकॉल आणि ग्लिसरीनच्या जातीचा द्रव भरलेला असतो. तो ट्यूबची उष्णता बाहेर नेतो. गढूळ झाला असेल तर खोली उघडून जुना द्रव काढा, आतली काच पुसा, रबरी कडं नवं घाला आणि याच कामासाठी विकला जाणारा द्रव भरा. बुडबुडे निघेपर्यंत वाट बघा. हा द्रव गोडसर आणि विषारी असतो, त्यामुळे कुत्री-मांजरी आणि लहान मुलं आसपास नकोत. बोर्डावर सांडलेला थेंब तसाच ठेवलात तर तो तांबं खातो.

१०. आरसा आणि पडदा

आतल्या आरशाचा चकचकीत मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो. घरातल्या आरशासारखा फडक्याने घासलात तर ओरखडे कायमचे. फुग्याने धूळ उडवा आणि तेवढ्यावर थांबा. पडद्याचे दोन थर वेगळे केलेत तर कोणता आत, कोणता बाहेर आणि वरची बाजू कोणती हे लगेच चिकटपट्टीवर लिहा.

११. पहिल्यांदा चालू करताना

ट्यूबचा टीव्ही असेल तर आधी सिरीज बोर्डावर लावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. काही स्विचिंग सप्लाय बल्बमागे सुरूच होत नाहीत, तेवढ्याने घाबरू नका. प्रखर दिव्याच्या टीव्हीला मात्र बल्बमागे दिवा पेटण्याइतकी वीज मिळत नाही, त्यात फक्त पॉवर सप्लाय तपासा.

चित्र आलं की अर्धा तास तसंच चालू द्या. ट्यूब गरम झाल्यावरच जुळवणी स्थिर होते. हिरवं चित्र प्रमाण धरा आणि लाल, निळं त्यावर आणून बसवा. सर्व्हिस मेनूत काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा.

१२. उरलेला सांगाडा

भाग काढून झाल्यावर उरलेला टीव्ही तसाच रस्त्यावर सोडू नका. ट्यूबची काच आणि पाऱ्याचा दिवा इ-कचरा घेणाऱ्याकडे द्या. पडद्याचा आतला थर, म्हणजे फ्रेनेल भिंग, उन्हात कधीच ठेवू नका. तो सूर्यप्रकाश एका बिंदूवर आणतो आणि समोरचं लाकूड पेटवतो. जपून ठेवायचा असेल तर जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभा ठेवा. आडवा ठेवलात तर वाकतो.